पात्र ठरण्याची शक्यता

फ्रेमवाल्याला आयुष्यात नकार एकदाच मिळाला होता, तोही बँकेकडून. पण वडिलोपार्जित मिळकत जपावी तसा त्यानं तो जपून ठेवला होता.

झालं असं होतं. एका मोठ्या दुकानाच्या दारात बँकेनं टेबल मांडलं होतं. क्रेडिट कार्ड घ्या, प्रवासी पिशवी मोफत. फ्रेमांचे कोपरे कापायचं एक यंत्र त्याच्या मनात भरलं होतं आणि ते विकणारे कार्डाशिवाय बोलत नव्हते, म्हणून यानं अर्ज भरला, सही ठोकली. टेबलामागच्या मुलीनं संगणकात बघितलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं, "काका, तुमचं नामंजूर झालंय." रांगेतल्या झाडून सगळ्यांनी माना वळवल्या. पिशवी मात्र तिनं दिली. बिचारीला वाटलं असेल, तेवढंच समाधान.

घरी आल्यावर भाऊजींनी त्याची शाळा घेतली. भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून. फ्रेमवाला त्यांच्याच घरी माडीवरच्या खोलीत राहायचा.

"अरे शहाण्या, असा थेट अर्ज करतात का? आधी पात्रता बघायची. बँकेच्या साइटवर जायचं, नाव टाकायचं, कमाई टाकायची. अर्ज केला तर मिळेल का, ते ती आधीच सांगते. नुसतं बघितलं तर तुझ्या स्कोअरला धक्का नाही, कानोकान खबर नाही. थेट अर्ज केलास की मात्र नोंद होते. अशा नोंदी साठल्या की स्कोअर घसरतो, मग पुढचा बँकवाला तुला बघूनच नाक मुरडणार."

फ्रेमवाल्यानं बघितलं. स्क्रीनवर हिरवी अक्षरं आली: अभिनंदन! तुम्ही पात्र ठरण्याची शक्यता आहे. खाली बटण होतं, 'अर्ज करा'. त्यानं ते दाबलं नाही. कशाला दाबायचं? काम तर झालंच होतं. बँकेनं त्याला चांगलं म्हटलं होतं, आणि तेही कुणाला ऐकू न जाता. त्यानंतर तो दर सोमवारी दुकान उघडलं की बघायचा. अक्षरं हिरवी आली की फोन खिशात ठेवायचा आणि हातानं कोपरे कापायला बसायचा. यंत्र बाजारात, हा दुकानात, आणि मन समाधानात. आता याला काय म्हणावं?

पण त्याला एकट्याला नावं ठेवून उपयोग नाही, ते घरच तसलं. त्या घरात आजवर कुणी कुणाला थेट काही विचारलेलं नाही. आधी खडा टाकून बघायचा. आणि खडा टाकायचं खातं होतं ताईकडे. भाऊजींना बदली हवी होती तेव्हा ताई साहेबांच्या बायकोकडे लोकरीची वीण शिकायला गेली. शेजाऱ्यांची शिडी हवी असली तरी ताई आधी विचारून यायची, "शिडी कशी आहे तुमची? ठीक आहे ना?" समोरच्याला पत्ता लागायचा नाही, आणि नाही म्हणायची वेळही त्याच्यावर यायची नाही.

फ्रेमवाल्याच्या दुकानाला लागून काचवालीचं दुकान होतं. वडिलांमागं तिनंच ते चालवलं. चाळिशी ओलांडलेली, आवाज मोठा, हात स्थिर. तो फ्रेम करायचा, काच तिच्याकडून यायची. इतक्या वर्षांत त्याचं माप चुकलं नव्हतं आणि तिची काच कधी वेडीवाकडी फुटली नव्हती. एकदा त्यानं तिला विचारलं होतं, रेघ नीट उमटली नाही तर वरून परत कटर फिरवता का? ती म्हणाली, "छे हो! काचेवर रेघ एकदाच मारायची. दुसऱ्यांदा गेलात की काच कुठं फुटेल याचा नेम नाही." हे सांगताना ती हसली, आणि त्या दिवसापासून फ्रेमवाल्याला मोडक्यातोडक्या फ्रेमांसाठीसुद्धा नवीन काचा लागू लागल्या.

ताईच्या हे ध्यानात आलं नसतं तर ती ताई कसली? गेली काचवालीकडे, एक आरसा बदलून घ्यायच्या निमित्तानं. तिथं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "समजा हं, आपलं उगीच, समजा एखाद्या चांगल्या माणसानं तुला लग्नाचं विचारलं, तर काय म्हणशील गं?"

काचवालीनं हातातलं काम थांबवलं. "कोण चांगला माणूस?"

"समज की आपल्या ओळखीतला."

काचवालीनं भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे फ्रेमवाला खिळे ठोकत होता. "विचारलं तर बघू ना, ताई," ती म्हणाली. "नाही म्हणायचं काही कारण दिसत नाही."

ताईनं घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. फ्रेमवाल्याला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला. भाऊजींनी मान डोलावली. "पात्र ठरण्याची शक्यता आहे," ते म्हणाले.

झालं! घरच्यांच्या लेखी लग्न ठरलं. माडीवरच्या खोलीला रंग दिला. फ्रेमवाल्यानं स्वतःच्या हातानं दुसरं कपाट केलं, आत साड्यांसाठी दांडी लावली. ताईनं भांड्यांचा एक कप्पा रिकामा करून ठेवला. सगळं यथासांग झालं, फक्त नवऱ्या मुलीला कुणी काही विचारलं नाही. दर महिन्याला ताई तेवढी काचवालीकडे फेरी मारून यायची आणि पुन्हा तोच खडा टाकायची, "अजून तसंच ना गं तुझं मत?" काचवाली म्हणायची, "तसंच." फ्रेमवाला ते ऐकून सोमवारसारखा खूश होऊन कामाला लागायचा. बाजारात तुरी, दुसरं काय!

असे आठ महिने गेले. मग एका दुपारी काचवाली त्याच्या दुकानात आली, काचेची मापं परत करायला. म्हणाली, "ही शेवटची ऑर्डर. दुकानाची जागा दिली मी दुसऱ्याला. बहिणीच्या गावी चाललेय. तिथल्या काचकारखान्याला कापणीवर बाई हवी आहे."

फ्रेमवाल्याच्या हातातली पट्टी खाली पडली. "असं कसं? आपलं ठरलंय ना?"

"काय ठरलंय?"

"म्हणजे... ताईनं विचारलं होतं की तुम्हाला."

काचवालीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्याला वाटलं, आता आपण फुटणार. "तुमच्या ताईंनी मला दर महिन्याला विचारलं, कुणी विचारलं तर काय म्हणशील. मी दर महिन्याला सांगितलं. पण ते विचारणारं कुणी आलं का? मी रोज दुकान उघडताना केस नीट करायचे हो! शेजारच्या कापडवाल्यानंसुद्धा ओळखलं. तुम्हाला भिंतीपलीकडून कळलं नाही?"

फ्रेमवाल्याचं तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर आलं ते त्याच्या घराण्याला शोभेसंच होतं. "समजा," तो म्हणाला, "मी आता विचारलं, तर..."

"जा तुम्ही इथून," काचवाली म्हणाली. दुकान त्याचं होतं, तरी तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला. मग तिच्या लक्षात आलं आणि ती निघून गेली.

संध्याकाळी ताई चपला घालून तयार. "थांब, मी जाऊन अंदाज घेऊन येते. राग खरा आहे की वरवरचा, तेवढंच बघते."

"नको," तो म्हणाला. ताई चपलांसकटच खुर्चीवर बसली. तिच्या भावानं तिला आजवर नको म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. दुकान उघडून त्यानं फोन काढला. हिरवी अक्षरं आली. अभिनंदन. त्याला त्या अक्षरांचा एकदम उबग आला. इतकी वर्षं अभिनंदन करतेय मेली बँक, दिलंय काय आजवर? त्यानं 'अर्ज करा' दाबलं. पुढची माहिती भरली, कागदांचे फोटो पाठवले, आणि हात मांडीवर ठेवून बसला.

दुपारी संदेश आला. आम्हाला कळवण्यास खेद होतो. शक्यता होती, पात्रता नव्हती.

फ्रेमवाला वाट बघत बसला. आता काहीतरी होणार. पोटात गोळा येणार, रस्त्यावरची माणसं माना वळवणार. काही झालं नाही. एक बाई पदवीचा कागद फ्रेम करायला टाकून गेली. कापडवाला सुतळी मागायला आला. नकार खिशात तसाच होता आणि भूक लागली होती. त्यानं डबा खाल्ला, हात धुतले, आणि शेजारी गेला.

काचवालीच्या दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. तो थांबला नाही. थांबला असता तर परत फिरला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "माझ्याशी लग्न कराल का?" त्यानं विचारलं. आवाज नको तितका मोठा निघाला. गिऱ्हाइकांनी माना वळवल्या.

काचवालीचे डोळे भरून आले. पण बाई खमकी. "आठ महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर एका शब्दात हो होतं," ती म्हणाली. "आता दुकान गेलं, बहिणीला शब्द दिला, कारखान्याला होकार कळवला. आता मी इथं राहू कुठल्या तोंडानं? नाही."

"बरं," फ्रेमवाला म्हणाला. मग आणखी काही सुचेना म्हणून म्हणाला, "काचा बांधायला येतो. वाटेत फुटतील तुमच्या."

घरी ताईनं कपाळावर हात मारून घेतला. "चारचौघांत? अरे, आता नोंद झाली ना!" भाऊजी वर्तमानपत्रामागं गेले ते जेवायलाच बाहेर आले. फ्रेमवाल्यालाही रडू येत होतं, पण आश्चर्य म्हणजे लाज वाटत नव्हती.

टेम्पो शनिवारी आला. फ्रेमवाला सकाळपासून तिथंच होता. दर दोन काचांमध्ये कागद घालून, कडांना पुठ्ठा लावून तो बांधत होता, आणि काचवाली सुतळी धरत होती. दोघं मापांपलीकडे काही बोलत नव्हते. शेवटची काच उचलताना ती म्हणाली, "बहीण म्हणत होती, तिकडे फ्रेमा करणारं कुणी नाही. लोक तालुक्याला जातात. समजा, एखादा चांगला फ्रेमवाला तिकडे..."

"समजा नको," तो म्हणाला. काच दोघांच्या हातात होती. "त्या समजानं माझं वाटोळं केलंय. विचारायचं असेल तर सरळ विचारा."

काचवाली लाल झाली. रागानं की कशानं, ते तिलाही सांगता आलं नसतं. "सोपं आहे का ते? मला तरी कुठं नकार ऐकायची हौस आहे? आठ महिने मीसुद्धा गप्पच बसले ना? तोंड काय मला नव्हतं?"

टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून ऐकत होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि श्वास घेतला. "माझ्याशी लग्न करून तिकडे येता का? मी विचारतेय."

दुकानाचं भाडं, अर्धवट ऑर्डरी, रंग दिलेली खोली, यातलं काहीही फ्रेमवाल्यानं तपासून बघितलं नाही.

काच टेम्पोत ठेवल्यावर त्यानं ताईला फोन लावला. "ताई, आमचं ठरलं. मी तिकडे राहायला जाणार."

"ठरलं? कधी? कुणी विचारलं?"

"तिनं."

"म्हणजे आडून? बहिणीकरवी?"

"नाही. सरळ. रस्त्यात."

"बाई गं!" ताई म्हणाली, आणि बराच वेळ फोनमधून नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. मग तिनं विचारलं, "आणि तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

"नुसतं हो?"

"नुसतं हो."