शेळी आधी, राक्षस नंतर

नारायण पेठेतल्या श्यामरावांच्या वाचनालयात पुस्तकांच्या जोडीला व्हिडिओ गेमच्या डिस्कही भाड्याने मिळतात, आठवड्याला साठ रुपये. त्यातल्या एका जपानी गेमला दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता. नव्वद तास खेळायचं, राज्य वाचवायचं आणि वाटेत गावोगावच्या लोकांशी गप्पा मारायच्या, एवढी सवड आहे कुणाला? कंटाळून श्यामरावांनी तो शेफाली नावाच्या सभासदाला पंधराशेला विकत देऊ केला. तिने नाक मुरडलं आणि भाड्याने नेला. नवी डिस्क पाच हजारांची आणि तीही पुण्यात कुठे शिल्लक नाही, हे तिला नंतर कळलं.

तोवर ती पुरती नादावली होती. एका सभासदाला एकच डिस्क लागोपाठ दोनदा मिळत नसे, म्हणून ती आठवड्याआड वाघोलीहून चकरा मारायची. आता फक्त शेवटचा राक्षस उरला होता, पण त्याने तिला सात वेळा लोळवलं होतं. अशात एका शनिवारी तिने परत केलेली डिस्क कॉलेजातल्या एका मुलीने उलटसुलट करून पाहिली. आता ही नेणार, हे शेफालीने ओळखलं.

तिने दोन तासांत घरची माणसं गाडीत घालून आणली. सासूबाई कौशल्याबाई, नवरा विश्वजीत, चुलत सासरे हिंदुराव. तीन सभासद, तीन आठवडे, डिस्क घरातच.

"आजी, आपल्याला जपानी गेमची आवड कधीपासून?" श्यामरावांनी विचारलं.

"सही केली की लागंल," कौशल्याबाई म्हणाल्या.

श्यामरावांनी तिन्ही नावं दाराशेजारच्या फळ्यावर लिहिली. डिस्कसाठी नंबर लावणाऱ्यांची नावं फळ्यावर, असा नियमच होता.

घरी येताच शेफालीने रिमोट उचलला. कौशल्याबाईंनी तो काढून घेतला. "पावतीवर नाव कुणाचं हाय?"

मग त्या खेळायला बसल्या आणि पडद्यावरचं इंग्रजी त्यांना मराठीत सांगायला शेफाली शेजारी. कौशल्याबाई प्रत्येक दार ठोठावायच्या, प्रत्येकाची विचारपूस करायच्या. एका म्हातारीची शेळी हरवली होती.

"आई, राज्य बुडतंय. राक्षसाकडे जाऊया ना."

"राक्षस कुठं पळून चाललाय? शेळी बिचारी एकटी हाय."

पावती विश्वजीतची झाली तरी रिमोट कौशल्याबाईंकडेच राहिला, आणि तो आठवडाही शेळीत गेला. हिंदुरावांच्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी ती सापडली. शेफालीला रडू यायचंच बाकी होतं.

शनिवारी डिस्क परत द्यायला दोघी गेल्या, तर फळा भरलेला. जो गेम कुणी फुकट नेला नसता, त्यासाठी एकाच दिवशी तीन सभासद केलेले पाहून लोकांना वाटलं, काहीतरी असणार. सोळा नावं होती. भाडं एकशेवीस झालं होतं.

"विकत देता का? पंधराशे म्हणाला होतात," शेफाली म्हणाली. "बरं, चार हजार."

श्यामरावांनी चष्म्यावरून पाहिलं आणि डिस्कवरच्या नव्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. 'विकणे नाही. पूर्वी होते, तेव्हा आपण घेतले नाही.'

शेफालीने निमूटपणे खडू मागितला. तो कौशल्याबाईंच्या हातात होता. त्यांनी सतरावं नाव स्वतःचं लिहिलं आणि खडू सुनेला दिला.

"त्या म्हातारीची कोंबडी बी हरवलीय," त्या म्हणाल्या.