काळूरामशेठची मऊ जेट्टी

बायजा बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकाय टांगत होती, तेवढ्यात काळूरामशेठचा माणूस विनेश फटफटीवरून येऊन गरजला, "बाय, पोरीला आवर! न्हायतर उद्यापासून हे खळं तुझं न्हाय. सुकव मग बोंबील डोस्क्यावर!"

"केलान काय तिनं?"

काय न्हाय वो, तिच्या पोरीनं, दिशानं, मोबाईलवर शेठचं गुणगान केलं होतं. 'आमच्या लाडक्या शेठनी जेट्टीचा तिसरा नारळ फोडला. जेट्टी इतकी मऊ, की आमच्या आया टोपलीसकट कमरेपर्यंत आत जातात. धन्यवाद शेठ!' वर शेठचा हात जोडलेला फोटो, डोक्यामागं फिरतं चक्र. शेठच्याच माणसांनी कौतुक समजून ते चार गावांत फिरवलं. पोरं हसून लोळाय लागली, तवा यांची ट्यूब पेटली.

"रविवारी शेठ येतील. सगळ्यांसमोर माफी मागायची!"

मासळी सोसायटी शेठची, म्हंजे खळंही शेठच्या मुठीत. बायजा बोंबील निवडत बसलेल्या दिशाकडं वळली. "माग गो बाय माफी. खळं गेलं तर चूल गेली."

"मागते आये, अगदी मनापासून."

पोरगी इतकी गोड बोलली, की बाजूला जाळं विणत बसलेल्या मला लगेच जोर चढला.

"विनेशभाऊ," मी म्हटलं, "शेठ काय फटफटीवर येणार? माझ्या होडीनं आणतो. हार, ताशा! दुपारचं जेवून निघू."

"सदाकाका, झकास!" विनेश खूष. कोळ्याचं पोर, पण वाढलं शेठच्या गाडीत. ओहोटी कवा, ते विचारायचं ध्यान कुठलं?

रविवारी होडी चिखलात रुतली. किनारा हाकेवर, मधी नुसता रेंदा. शेठ पांढऱ्याफेक कपड्यांत.

"सदा, आता रं?"

"उतरा की शेठ. ही काय, आपलीच जेट्टी!"

काठावर ताशा तडतडत होता, पोरांचे मोबाईल वर. शेठनी एक पाय टाकला, गुडघा गेला. दुसरा टाकला, कंबर गेली. चपला दर्याला अर्पण. शेवटी बायजाच आत शिरली आणि रोजच्या टोपलीसारखं शेठला बाहेर काढलान.

दिशा हात जोडून पुढं. "शेठ, माफ करा. आम्हाला वाटलं जेट्टी न्हाय. तुम्ही तर तिच्यावरनं चालत आलात!"

"केलं, केलं माफ! बंद करा ते मोबाईल!"

विनेशनं तवर सवयीनं व्हिडिओ दहा ग्रुपवर टाकला होता. वर लिहिलं, 'शेठनी केली जेट्टीची पाहणी.' खाली तीन बदाम.

माफी तर झाली, आता खळ्याचं नाव कोण काढील? बायजाचं खळं हाय तिथंच हाय.

जेट्टी पण हाय तिथंच हाय.