तिन्ही काटे एकदम

"हलले! काटे हलले!"

गॅरेजात दाटीवाटीनं उभ्या माणसांच्या अंगावर सर्रकन काटा आला. शर्यतीची निळी गाडी अंधाऱ्या कोपऱ्यात, मागची बाजू भिंतीला लावून उभी होती. इंजिन घुमत होतं. चालकाच्या जागी महाराज, पायांवर घोळदार शाल पसरून.

"देह गेला, वेग उरला!" महाराज गरजले. "आत्म्याला जीभ नसते, भक्तांनो! तो मीटरमधून बोलतो!"

चार महिन्यांपूर्वी शर्यतीत ही गाडी भिंतीवर आदळली. गाडी वाचली, चालवणारा गेला. गॅरेजच्या म्हाताऱ्या वस्तादांनी ती दुरुस्त करून नव्यानं रंगवली, आणि तेव्हापासून डॅशबोर्डवरचे काटे थरथरू लागले. गेलेल्याची बहीण गाड्यांच्या वायरिंगचं काम करायची. ती वहिनीचा गारठलेला हात धरून उभी होती. खरं सांगायचं तर तिलाही ते खरंच वाटू लागलं होतं. दादा असाच होता. काही विचारलं की नुसती मान झटकायचा.

"बाळा, तुझा घात झाला?"

काटे उसळले.

"कुणी केला? वस्तादानं?"

पुन्हा उसळले. गर्दी वळली. कुणीतरी वस्तादांची कॉलर धरली, ती टर्रकन फाटली. "अरे, मुलासारखा होता तो मला," एवढंच ते पुटपुटले. वहिनीनं कुणाला अडवलं नाही.

बहिणीची नजर मात्र काट्यांवर खिळली होती. तेल, पाणी, पेट्रोल. तेलाचा दाब बदलेल, पाणी तापेल, टाकी रिकामी होईल. पण तिन्ही एकाच क्षणी? आणि काटे उसळताना मागची भिंत लालसर का होते?

ती पुढे झाली नि शाल ओढली. महाराजांचा पाय ब्रेकवर होता.

"पाय काढा, मग विचारा त्याला."

"आत्मा कोपेल!"

"कोपू दे. माझाच भाऊ आहे."

पाय निघाला. महाराजांनी तीनदा विचारलं. काटे ढिम्म.

तिनं आपल्या व्होल्टमीटरचं एक टोक इंजिनाला, दुसरं गाडीच्या पत्र्याला लावलं. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे लागत आणि व्होल्टमीटरवर आकडा चढे. दोघांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या तारेतून विजेला परतायला नीट वाटच मिळत नव्हती. दिव्यांचा ताण आला की सगळी मापं एकदम चुकत होती.

वस्ताद वाकून बघत राहिले. "चूक माझी. पत्र्यावरचा रंग न खरवडताच त्या तारेचा बोल्ट आवळला."

तिनं रंग घासून काढला, तार पक्की बसवली. एव्हाना महाराज मागच्या दारानं पसार झाले होते. परवा गाडीत बसले तेव्हाच त्यांनी ही गंमत हेरली असणार.

वहिनी चालकाच्या जागी बसली. ब्रेक दाबून हळूच म्हणाली, "आहात का हो?"

काहीच हललं नाही.

"ताई, एकदाच तो बोल्ट सैल करा ना."

बहीण तिच्याजवळ वाकली. "करते. पण मग काटे हलवील ती तार, वहिनी. दादा नाही. आणि त्या तारेच्या शब्दावर आज आपण एका निरपराध माणसाचा जीव घेतला असता."

वहिनी बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मग उतरून वस्तादांपाशी गेली आणि त्यांच्या पायांशी बसली.

गेलेल्यासाठी पोटभर रडावं, त्यात लाज नाही. पण काटा हलला तर आधी का हलला ते तपासावं. जिवंत माणसावर हात उगारण्याआधी तर नक्कीच.