माझ्या पोटातलं कुंकू

मित्रांनो, माजघराच्या तुळईला चिकटलेली ही पिवळी पडलेली गोल डबी म्हणजे मी. मी एक जुना धूरसूचक आहे. धूर आला की ओरडून माणसांना सावध करायचं, एवढंच माझं काम. या घरात मला सगळे भोंगा म्हणतात. आकाराने मी भाकरीहून लहान, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागतात. त्या आवाजाचा मला एके काळी भारी तोरा होता.

१९९७ च्या उन्हाळ्यात वसंताने मला मस्कतहून आणलं. तिथे तो एका कंपनीत कामाला होता. भोकरदनपासून दोन कोसांवरच्या या घरात त्याचे आईवडील, थोरला भाऊ कचरू आणि वहिनी सत्यशीला राहत. वडील रखमाजी यांना आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं. ते दिवसभर माजघरातल्या लोखंडी पलंगावर पडून असत आणि वेचणीच्या दिवसांत त्याच माजघरात घरचा कापूस भिंतीला लावून पुरुषभर उंच रचला जाई. एवढ्या दूर राहून वसंताच्या जिवाला त्याचाच घोर होता.

"बाबांना उठता येत न्हाई, हाक मारता येत न्हाई. त्यांच्या बदल्यात ह्यानं हाक मारायची," असं सांगून त्याने मला सत्यशीलेच्या हातात दिलं.

कचरूने मला नेमकं चुलीवर ठोकलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: धूर चुलीतून निघतो, तर भोंगाही तिथेच हवा. मग काय, भाकरी तव्यावर पडली की मी ओरडे, मिरची तेलात पडली की मी ओरडे. घरात तान्हं मूल असतं तर तेही इतकं रडलं नसतं! रखमाजी मात्र अर्ध्या चेहऱ्याने हसत. मला ते हसू आवडायचं.

सत्यशीला दहावीपर्यंत शिकलेली, आणि स्वभावाने चिवट. मी वाजलो की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिही आणि तेव्हा चुलीवर काय होतं तेही लिही. पंधरा दिवसांनी तिने सासूबाईंना, म्हणजे चांगुणाबाईंना, सांगितलं, "मामी, हे बिघडल्यालं न्हाई. आपणच ह्याला चुकीच्या जागी बसवलं." आणि तिने मला माजघरात, पलंगापासून चार हातांवर तुळईला लावून घेतलं. तेव्हापासून मी गप्प झालो. दर सोमवारी ती झाडूच्या दांड्याने माझं बटण दाबून बघे. मी ओरडलो की रखमाजी डाव्या हातातला पितळी पेला पलंगाच्या दांडीवर आपटून मला उत्तर देत. माणसांना बोलवायची त्यांची तीच एक रीत होती. पाणी हवं, पेला वाजव. करमत नाही, पेला वाजव.

मग दसरा आला. खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा होते. विळे, खुरपी, वखर, कचरूची सायकल, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. चांगुणाबाई स्टुलावर चढल्या.

"माझ्या माणसाची राखण करून राह्यलं हे. ह्याला कसं इसरायचं?" असं म्हणत त्यांनी मला बोट लावलं आणि वर कुंकवाची भरगच्च चिमूट माझ्या फटींवर दाबली. झेंडूचं फूलही खोचलं. मी फुगून गेलो. आजवर मला कुणी पुजलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्या पोटात एक काळी कोठी आहे. तिच्यात बारीक उजेड असतो. धुराचे कण आत शिरून त्या उजेडात आले की मी ओरडतो. कुंकवाचा कण आणि धुराचा कण यांतला फरक मला कळत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी भलत्याच वेळी ओरडू लागलो. चूल विझलेली, घरात बिडीसुद्धा नाही, आणि माझा आपला आकांत चाललेला.

चौथ्या दिवशी कचरूने माझा चौकोनी सेल उपसून कोनाड्यात ठेवला. "न धूर, न जाळ, अन् हे बिनकामी कोकलून राह्यलंय. बाबांना डुलकी न्हाई लागू देत," तो म्हणाला.

सत्यशीलेने कॅलेंडर पाहिलं. "दसऱ्यापासूनच चाललंय. आत काही तरी गेलंय, उघडून बघते मी."

"आधी वेचणी होऊ दे. मंग बघ बराबर."

तिने मान डोलावली. वेचणीला माणसं मिळत नव्हती, हे खरंच होतं.

महिनाभराने, थंडीतल्या एका दुपारी, चांगुणाबाईंनी रोजच्यासारखा रखमाजींच्या लुळ्या हाताला निखाऱ्यांचा शेक दिला. निखाऱ्यांचं घमेलं पलंगाजवळ ठेवून त्या दळण आणायला गिरणीवर गेल्या. कचरू आणि सत्यशीला शेतात होती. दारातून वारा आला आणि एक ठिणगी कापसात जाऊन बसली. दाबून रचलेला कापूस लगेच भडकत नाही, आधी आतल्या आत धुमसतो. पांढरा धूर आधी माझ्यापर्यंत आला. माझ्या पोटात तो भरला, आणि मला ओरडता येईना.

रखमाजी माझ्याकडे बघत होते. मी कधी ओरडतो याची ते वाट बघत होते, हे मला आजही सहन होत नाही. मग त्यांनी पेला उचलला आणि दांडीवर आपटला. पुन्हा आपटला. थांबेचनात.

शेजारच्या मालनबाईंनी तो आवाज ऐकला. त्या अंगणात वाळवण घालत होत्या. "म्हातारं पाणी मागून राह्यलं असंल. येईल चांगुणा आत्ता," असं म्हणून त्यांनी हातातलं काम संपवलं. पेल्याचा आवाज बंद पडला तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि त्यांना दारातून धूर दिसला. गल्ली धावली. रखमाजींना बाहेर काढलं. अंगाला फारसं भाजलं नव्हतं, पण धूर छातीत बसला होता. आठव्या दिवशी जालन्याच्या दवाखान्यात ते वारले.

तेराव्यानंतर सत्यशीलेने मला खाली उतरवलं आणि ताटलीवर धरून उघडलं. रंगाच्या मऊ ब्रशने तिने माझी कोठी झाडली. ताटलीत लाल भुकटी पडली. समोर चांगुणाबाई बसल्या होत्या. त्यांचं कपाळ कोरं होतं. त्यांनी ताटलीतल्या भुकटीला बोट लावून पाहिलं आणि ते पदराला पुसलं. सत्यशीलेने ताटली उचलून मोरीत धुतली. कचरू उठला, कोनाड्यातला सेल आणला आणि स्वतःच्या हाताने माझ्यात बसवला.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याची पूजा करू नका, त्याला पुसा. तो उगीच ओरडला तर रागवा, पण त्याचा सेल काढून ठेवू नका. तो का ओरडतो ते त्याच दिवशी बघा. आणि घरात कुणी वारंवार हाक मारत असेल, तर शंभराव्या हाकेलाही उठून जा.

खंडेनवमीला या घरात अजून अवजारांची पूजा होते. मला कुंकू लागत नाही. सत्यशीला मला ब्रशने झाडते आणि बटण दाबते. मी ओरडतो. मग कचरू कोनाड्यातला पितळी पेला घेतो आणि पलंगाच्या दांडीवर एकदा वाजवतो.