सिआसीचा धाकटा नवरा

मी एक जुना मायक्रोफोन आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या सिकुलिक गावाच्या रेडिओ केंद्रात, निकामी बॅटऱ्या आणि वायरींची भेंडोळी ठेवतात त्या कपाटात मी पडून असतो. माझ्या जाळीमागे एक पातळ पडदा आहे. माणूस बोलला की तो थरथरतो, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि आवाजाची वीज होते. एवढंच माझं काम.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. विमानानं मी इथे आलो, तेव्हा केंद्र म्हणजे शाळेमागची एक लाकडी खोली होती. तोवर गावातल्या रेडिओवर फक्त दक्षिणेची भाषा यायची, तीही खरखरत. पहिल्या दिवशी केंद्रावर बोलायला नेमलेली गावातली सिआसी माझ्यासमोर बसली, माझ्यावर फुंकर मारली आणि आपल्या इनुइट बोलीत म्हणाली, "ज्यानं बर्फगाडी माझ्या दारात लावलीय त्यानं ती काढावी. नाहीतर तिच्यावर मी सीलची कातडी वाळत घालीन." गाव खूप हसलं. त्यांची भाषा पहिल्यांदाच हवेतून घरात आली होती.

मग रोज सकाळी सिआसी बोलायची. वारा कसा आहे, बर्फ कुठे कच्चा आहे, मांस कुणाकडे आलं आहे. "आमच्या दिरानं, कुमाकनं सील आणलाय. येताना सुरी आणा, नुसती पोटं घेऊन येऊ नका!" लोक फोन करायचे आणि ती रिसीव्हर माझ्यासमोर धरायची. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

तिचा नवरा तिवी छातीच्या दुखण्यानं गेला. पुढे तिच्या भाचीला, नियालीला, मुलगी झाली आणि रीतीप्रमाणे तिला त्याचं नाव मिळालं. इथे नावाबरोबर माणूसही येतो असं मानतात. त्या दिवसापासून ती तान्ही पोर सिआसीचा नवरा झाली आणि म्हाताऱ्या कुमाकचा थोरला भाऊ. "मंडळी, आमच्या ह्यांना पहिला दात आला!" सिआसीनं गावाला सांगितलं. पोर मला चावायला लागली तेव्हा ती म्हणाली, "अहो, पुरे आता. बातम्या द्यायच्यात मला."

नियालीच्या घरी दिवसभर टीव्ही चाले, दक्षिणेच्या भाषेत. छोटी तिवी तसंच बोलू लागली. नियाली काळजीनं म्हणाली, "मावशी, हिला आपलं बोलणं शिकवायला हवं गं."

"माझ्या नवऱ्याला मी शिकवू? बर्फावर चालायला त्यानं मला शिकवलं! आत आहे ते सगळं. येईल वर."

कुमाकलाही ते पटलं. थोरल्या भावाची चूक कोण काढणार? तिवीला कुणी कधी टोकलं नाही.

मग नोकरीसाठी नियाली मुलीला घेऊन दक्षिणेला गेली. आमच्या केंद्राच्या लहरी सरळ रेषेत जातात, तळ्यामागची टेकडी त्यांना अडवते. तिवीपर्यंत त्या पोचणं शक्यच नव्हतं. तिच्या वाढदिवशी मात्र तिचा फोन आला. सिआसीनं आनंदानं रिसीव्हर माझ्यासमोर धरला. पोर दक्षिणेच्या भाषेत काहीतरी भरभर बोलली.

"अहो, आपलं बोला ना," सिआसी म्हणाली.

पलीकडून नियालीचा आवाज आला, "मावशी, तिला काहीच कळत नाहीये."

हे साऱ्या गावानं ऐकलं. त्या सकाळी दुसरा फोन आला नाही.

त्यानंतर सिआसी रोज तिवीसाठी एक वाक्य सावकाश, सुटं करून सांगू लागली. शेजारीण म्हणाली, "अगं, ती कुठे ऐकतेय?"

"माहीत आहे. फोनवर ती हसते आणि लगेच आईकडे देते. मग मी बोलू तरी कुठे?"

काही वर्षांनी संगणक आला. गाणी आणि बातम्या उपग्रहावरून येऊ लागल्या आणि माझी जागा कपाटात झाली. सिआसी गेल्या हिवाळ्यात गेली. तिवी आली, आता उंच, मोठी झालेली. बायको गेल्यावर नवऱ्यानं दोन शब्द बोलावेत म्हणून लोकांनी मला बाहेर काढून तिच्यापुढे ठेवलं. सगळ्या घरांतले रेडिओ चालू झाले. माझ्या पडद्यावर नुसते तिचे श्वास आदळत राहिले.

तेव्हा कुमाकचा फोन आला. त्यानं बोलीतलं एक छोटं वाक्य म्हटलं आणि त्याचा अर्थ तिच्या भाषेत सांगितला: माझं माणूस गेलं. तिनं ते अडखळत म्हटलं.

थोरल्या भावाला आजवर कधी न टोकलेला म्हातारा म्हणाला, "चूक, दादा. पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, "चूक." गाव ऐकत होतं. शेवटी वाक्य जमलं, तेव्हा दोघंही रडत होते.

दुसऱ्या दिवशी तिवीचं विमान गेलं आणि मी कपाटात परतलो.

मित्रांनो, तुमच्या घरातली माणसं ज्या बोलीत हसतात, रागावतात, ती मुलांना आपोआप येईल असं समजू नका. ती त्यांना शिकवा. चुकलं तर चुकलं म्हणा. आणि ज्याला मुलांनी उत्तर द्यायचं आहे ते माणूस समोर आहे तोवरच हे करा. सिआसीला तिवीच्या तोंडून आपल्या बोलीतलं एक वाक्यही ऐकायला मिळालं नाही.