रिकाम्या रॉडचं वजन

मुलीने दोन वर्षांपूर्वी परदेशी जाताना माझ्या फोनमध्ये ते ॲप टाकलं. आदल्याच आठवड्यात आम्ही दोघी डोंगरवाटेला गेलो होतो आणि निम्म्यातून परतलो होतो. उतरताना माझीही पाठपिशवी तिच्याच खांद्यावर होती. जमिनीवरून चाळीस किलो उचललेस की मी रजा टाकते, उरलेली वाट पुरी करू, असं तिने ठरवून टाकलं. ॲपमधलं खातं दोघींचं एकच. मी इथे आकडा भरला की तिला तिकडे दिसतो.

व्यायामशाळा आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या गल्लीत आहे. दिवसभर मी पाण्याचे नमुने तपासते. रिकामी बशी तोलायची, तिच्यात पाणी आटवायचं, गाळासकट पुन्हा तोलायची आणि बशीचं वजन वजा करायचं. एकवीस वर्षं हेच. संध्याकाळी सहाला वजन उचलायचं आणि आकडा भरायचा. दहा, साडेबारा, पंधरा. मुलगी टाळ्यांचं चित्र पाठवायची. एखाद्या दिवशी आलं नाही, तर मी झोपेपर्यंत चार वेळा ॲप उघडायचे.

तीन महिन्यांपूर्वी तिला दहा दिवसांची रजा मिळाली. कुठवर आलीस, तिने विचारलं. पंचवीस, मी म्हटलं. मग पुढच्या वेळी बघू, असं म्हणून ती मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेली. बरं केलंस, मी म्हणाले.

काल मी आकडा भरत असताना व्यायामशाळेतल्या मास्तरांनी फोनमध्ये डोकावलं.

"काकू, तीस कसले? रॉड काय आंदण मिळालाय तुम्हाला?"

"रॉड वजा केला."

मास्तर हसत सुटले, आणि माझा चेहरा बघून थांबले. वजनाच्या चकत्या अडकवायचा तो रॉडच पंधरा किलोचा होता. सगळं मिळून मोजायचं हे त्यांना इतकं उघड होतं की सांगावंसं वाटलं नव्हतं. रिकामं भांडं वजा करायचं हे मला इतकं उघड होतं की विचारावंसं वाटलं नव्हतं. पंचवीस आणि पंधरा. ही बेरीज करायला मला कागद लागला नाही.

तिथेच उभ्याने मी पंचेचाळीस भरले. पाच मिनिटांत तिचा फोन.

"आई, मला बोलवायचं म्हणून आकडे फुगवतेस होय?"

मी बशीचं, रॉडचं सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली, असला घोळ फक्त तूच घालू जाणे म्हणाली. मग बेरीज तिनेही केली असावी.

"म्हणजे तेव्हा झाले होते चाळीस."

"हो."

"नुसतं ये म्हणाली असतीस तरी आले असते ना गं."

मला ते सुचलं नव्हतं असं नाही. पण अट पुरी न करता मागणं मला वशिला लावल्यासारखं वाटायचं.

"ये," मी म्हटलं.

पलीकडे संगणकाच्या कळांचा आवाज आला. ती रजा बघत होती. आता सात महिने तरी नाही, ती म्हणाली. चालेल, मी म्हटलं. मग दोघींपैकी कुणीच फोन ठेवेना. रॉडसाठी थांबलेल्या एका बाईने, झालं का, असं हातानेच विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं.