अंडरनाखचे गीझलबर्ट

जर्मनीतल्या अंडरनाख गावच्या गीझलबर्ट मंडळात, म्हणजे गीझलबर्ट नावाच्याच माणसांच्या मंडळात, तीनच सभासद उरले होते, आणि त्यातला एक, थेलेन, ईस्टरला वारला. आली का पंचाईत! तिघांच्या खाली संख्या गेली की कोर्ट नोंदणीतून मंडळाचं नावच खोडतं. तिथे रडून भागत नाही.

अध्यक्ष गीझलबर्ट र्‍योटगेनला घोर लागला. बायको गेल्यापासून अख्खं गाव त्याला 'र्‍योटगेनसाहेब' म्हणायचं. दर गुरुवारी मंडळाच्या बैठकीला ऱ्हाइन नदीकाठच्या खानावळीत दोन माणसं 'अरे गीझलबर्टा' म्हणायची, तेवढंच काय ते. मंडळ बुडालं तर नावानं हाक मारणारं उरणार कोण?

त्या गुरुवारी थेलेनची बायको वालबुर्गा एक आखूड पायांचं लांबुळकं कुत्रं घेऊन आली.

"ह्याचं नाव गीझलबर्टच ठेवलंय," ती म्हणाली. "चाळीस वर्षं घरात त्याच नावानं ओरडत आले. आता ह्या वयात दुसरं नाव कुठून तोंडात बसणार?"

"करा ह्याला सभासद!" र्‍योटगेन उभाच राहिला.

"शुद्धीवर आहेस ना?" दुसरा सभासद, निवृत्त मास्तर गीझलबर्ट क्नाउफ, नियमावली उघडत म्हणाला. "गीझल म्हणजे ओलीस, बर्ट म्हणजे तेजस्वी. ड्यूक होऊन गेलेत ह्या नावाचे, काउंट होऊन गेलेत!"

"त्यातला ड्यूक लढाईतून पळताना इथेच ऱ्हाइनमध्ये बुडाला. हे कुत्रं निदान पोहतं तरी!" र्‍योटगेन म्हणाला.

क्नाउफनं नियमावली दोनदा वाचली. सभासद माणूसच असावा, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मग काय! कुत्र्याचा पंजा शाईत बुडवून अर्जावर उमटवला.

"आता अध्यक्षाची निवडणूक," क्नाउफ म्हणाला. "मी नव्या सभासदाचं नाव सुचवतो." अकरा वर्षं र्‍योटगेनच्या हाताखाली बसल्याचा राग, दुसरं काय! कुत्र्यानं भुंकून स्वतःला मत दिलं. दोन विरुद्ध एक.

"मेल्या, ह्यासाठी वाचवलं का मी मंडळ?" र्‍योटगेन लालबुंद झाला. क्नाउफ शांतपणे इतिवृत्त लिहीत राहिला.

वालबुर्गा दारापाशी जाऊन ओरडली, "गीझलबर्ट, चल घरी! सूप निवतंय."

नवा अध्यक्ष टेबलाखाली ढिम्म. हाक कुणाला आहे, हे र्‍योटगेनला पक्कं ठाऊक होतं. पण बाईमाणसाच्या तोंडून त्या नावानं हाक ऐकून सहा वर्षं झाली होती.

"आलो," तो म्हणाला, आणि टोपी शोधू लागला.